तीन स्क्रूंचा डबा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उल्हासनगरहून फोन आला. मोहनभाई बोलत होते. "भाभीजी, दीदी गई," ते म्हणाले. मी गॅस बंद केला, विलासला कळवलं आणि रिक्षाने कॅम्प चारला गेले. ताई त्यांच्या दुकानातल्या टेबलाशी खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. टेबलावर ताईंचा विजेचा डबा चालू होता. "मैंने बंद नहीं किया," मोहनभाई म्हणाले. "वो आप करो." मी मीटरवरचा आकडा वाचला, मोठ्याने. बारा. मग बटण बंद केलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. सुमनताई माझ्या नणंद, माझे यजमान विलास यांची थोरली बहीण. बदलापूरला हेंद्रेपाड्यात एकाच घरात आम्ही एकतीस वर्षं राहिलो. दिवसकार्याला आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नणंद असूनसुद्धा तुम्ही किती केलंत हो त्यांचं." मी मनात म्हटलं, बाई, केलं ते सगळं त्यांनी. मी फक्त आकडे वाचले. ताईंबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याच्या आधी हसू येतं... पाच आठवडे मी ते लोकांसमोर दाबून धरलंय, कागदावर दाबणार नाही.

लग्न होऊन आले तेव्हा नणंद या शब्दाची मला धास्ती होती. आईने निघताना ज्या सूचना दिल्या त्यांतल्या निम्म्या नणंदेविषयीच होत्या. उंबरठा ओलांडला तर घरात उदबत्तीऐवजी राळ जळल्याचा वास. स्वयंपाकघरात पाटावर बसून एक बाई रेडिओच्या तारांना डाग देत होती. माझ्याकडे वर न बघता तिने एक तार पुढे केली. "हे धर गो. हलू नको." मी शालू सावरत खाली बसले आणि धरली. सासूबाई दारातून ओरडत होत्या की पोरीला आधी पाणी तरी द्या, आणि ताई म्हणत होत्या, "दोन मिनिटं आई, हिचा हात चांगला हाय, थरथरत नाय." त्या घरातलं माझं हे पहिलं कौतुक. त्यानंतर मला मिळालेलं कुठलंही प्रशस्तिपत्र मला त्याच्यापेक्षा मोठं वाटलं नाही.

मूळ घर चामटोलीचं. भातशेती, दोन म्हशी, आणि दहावीनंतर मुलीने शिकायचं म्हणजे शिवणकाम असं धरून चाललेला बाप. ताईंनी मात्र आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. वर्गात त्या एकट्याच मुलगी. पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलच्या टेस्टिंगला लागल्या आणि तिथेच सत्तावीस वर्षं काढली. लग्न का केलं नाही, हे मी त्यांना एकदाच विचारलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "एक आलेला बघायला. चांगला होता. घरातला बल्ब गेला म्हणून बदलायला उठला, मेन स्विच बंद न करता. मी म्हटलं, आज बल्ब, उद्या मी." खरं कारण काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण हे कारण मला पुरलं.

मग कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि ताई पन्नासाव्या वर्षी घरी बसल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातलं बिघडलेलं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात न बिघडलेलं उघडून पाहिलं. मिक्सर तीनदा उघडला. मी शाळेत मराठी शिकवायचे. संध्याकाळी घरी यावं तर इस्त्रीचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले आणि ताई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "बघ, काय सुंदर बनवलीय." आम्ही हसायचो. पण सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कंपनीला निघायच्या वेळी, त्या केस विंचरून, साडी नेसून, पर्स घेऊन गॅलरीत जायच्या. थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग आत येऊन पर्स खुंटीला लावायच्या. हे मी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्या दिवसापासून मी त्या वेळी न्हाणीघरात जायला लागले, म्हणजे मी पाहिलं असं त्यांना वाटू नये.

मोहनभाईंचं दुकान कॅम्प चारमध्ये. रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकायचं. ताई तिथे वीस वर्षं गिऱ्हाईक होत्या, आणि प्रत्येक खरेदीला भांडायच्या, त्यामुळे ओळख पक्की होती. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. तिथे दुरुस्ती करणारा माणूस काम सोडून गेला होता आणि टेबलावर रिकामी खोकी साचली होती. एका शनिवारी मी बरोबर होते, तेव्हा ताईंनी विचारलं, "मोहनभाई, इधर मैं बैठू क्या?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बैठो ना दीदी. पण सप्लाय कुठे आहे? तो आदमी अपना लेके गया." दुरुस्तीच्या टेबलावर एक असा डबा लागतो, जो भिंतीतल्या विजेपासून हव्या तेवढ्या व्होल्टची स्थिर वीज काढून देतो. त्याच्याशिवाय दुरुस्ती म्हणजे पोळपाटाशिवाय पोळ्या. ताई म्हणाल्या, "मी माझा बनवते."

"घरचा?" मोहनभाई हसले. "दीदी, घर का पापड़ चलता है, घर का अचार चलता है. घर का सप्लाय?" मग त्यांनी अट घातली. येत्या तिसऱ्या सोमवारी आणायचा. शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत त्याच्यावर गाडीचा टेप वाजवायचा. आणि झाकण लावून. "खुला नहीं चलेगा. इथे गर्दी असते, कोणी चहा सांडेल, कोणी हात घालेल. दिनभर चला, तो टेबल आपका." परत येताना ताई रिक्षात गुडघ्यावर बोटाने सर्किट काढत होत्या.

पाच दिवसांत डबा झाला. जुन्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरचं पत्र्याचं खोकं, त्यात ट्रान्सफॉर्मर, सुपारीएवढे कंडेन्सर, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला टोपीसारखा एक धातूचा ट्रान्झिस्टर. हे काय करतं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. "हे बघ मास्तरीण. भिंतीतली वीज म्हणजे सासू. कधी वर, कधी खाली, भरवसा नाय. हा डबा म्हणजे नणंद. वरून कितीही कमीजास्त येऊ दे, सुनेला रोज मोजून तेवढंच देणार." सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मला ऐकू येतं हां."

झाकण उघडं ठेवून डबा चालू केला. दिवसभर चालला. बाहेर बारा व्होल्ट, आकडा कणभर हलला नाही. झाकण लावलं. वीस मिनिटांनी फ्यूज उडाला. झाकण काढलं, फ्यूज बदलला, पुन्हा दिवसभर चालला. झाकण लावलं, पंचवीस मिनिटांनी फट.

इथे ताईंची काम करायची रीत सांगायला हवी, कारण माझी नेमणूक तिच्यामुळे झाली. बिघाड शोधताना त्या मीटरकडे स्वतः कधी बघत नसत. मीटरच्या दोन काड्या त्या टेकवायच्या आणि आकडा दुसऱ्याने वाचायचा. कंपनीत पहिल्याच वर्षी त्यांनी एका पॅनलवर स्वतःला हवा तो आकडा वाचला होता आणि दोन दिवस वाया घालवले होते. तेव्हापासून हा नियम. "ज्याला दुरुस्त करायचंय त्याने वाचायचं नाय. त्याला पाहिजे तेच दिसतं." वाचणाऱ्याने वहीतही लिहायचं. वही माझी, अक्षर माझं, शंभर पानी, शाळेतलीच. एकदा अकरा पूर्णांक आठ होतं, मी आपुलकीने "बारा" म्हटलं, तर त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "मार्क वाढवून देऊ नको, मास्तरीण. हा काय तुझा दहावी ब नाय." त्यानंतर मी दशांश चिन्हासकट वाचू लागले.

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर एक प्रश्न असायचा. तो दरवेळी तोच. शेवटी काय बदललं? ताई म्हणायच्या, चालणारी वस्तू बंद पडली तर आधी हे विचारायचं, मग मीटर काढायचा. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. "उघडा चालतो, बंद चालत नाय. मधे काय बदललं?" मी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "काही नाही. फक्त झाकण."

पुढचे आठ दिवस आमच्या घरात त्या डब्याशिवाय दुसरा विषय नव्हता. ताईंचा संशय उष्णतेवर होता. झाकण लावलं की आत तापतं, तापलं की काहीतरी दगा देतं. म्हणून त्यांनी ट्रान्झिस्टर बदलला. मी वाचलं, ट्रान्सफॉर्मरवर अठरा, कंडेन्सरवर चोवीस, बाहेर बारा. झाकण, अठरा मिनिटं, फट. कंडेन्सर बदलले. अठरा, चोवीस, बारा. झाकण, बावीस मिनिटं, फट. मग हँड ड्रिल घेऊन त्या गच्चीवर गेल्या आणि झाकणाला हवेसाठी भोकं पाडून आणली. ती त्यांनी मोजली नाहीत, मी मोजली, चौसष्ट. विलास ऑफिसातून आला, झाकण हातात घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यावर गाजर किसायचंय का?" ताईंनी त्याला चहा दिला नाही. भोकांमुळे डबा चाळीस मिनिटं चालला आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही, दृष्ट लागेल म्हणून... मग फट. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकचा दुकानदार मला फ्यूज देताना म्हणाला, "मॅडम, शाळेत काय फटाके बनवायला शिकवता काय?"

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्या गॅलरीत गेल्या नाहीत. साडीही नेसल्या नाहीत. मी न्हाणीघरातून बाहेर आले तर त्या अंथरुणावरच बसून म्हणाल्या, "मोहनभाईला सांगते, दुसरा माणूस बघ. घरचा तो घरचाच." पुस्तकांतली वाक्यं तोंडावर येत होती आणि ती सगळी खोटी वाटत होती. मी फक्त वही उघडून समोर ठेवली. त्यांनी ती बंद केली.

रविवारी दुपारी मला काही सुचेना म्हणून मी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. माझं कपाट जुनं, काचेच्या दाराचं. डावं दार उघडलं तर ते खाली ओघळलं आणि फळीवर आपटलं. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू नव्हता. मी तो शोधायला खाली वाकले. कपाटाखाली हात घातला. आणि हात तसाच राहिला, कारण मला आठवलं, तो स्क्रू खाली पडलेला नव्हता. तो मी काढला होता.

डबा तयार झाला त्या संध्याकाळी झाकण बसवायचं काम माझ्याकडे होतं, आणि पुढेही ते काढणं-लावणं माझ्याकडेच राहिलं. खोक्याला चार कोपऱ्यांत चार भोकं आणि जुने स्क्रू सापडले तीनच. ताई म्हणाल्या, तीन पुरे. त्या चहा करायला गेल्या. मी त्या चौथ्या भोकाकडे बघत बसले. ज्या बाईला विद्यार्थ्याच्या निबंधात सुटलेला पूर्णविरामही सहन होत नाही, तिला ते रिकामं भोक कसं सहन व्हावं? बिजागरीला तीन स्क्रू होते, एकाने काय होतंय, म्हणून मी कपाटातला एक काढला आणि तिथे पिळला. जरा जोर लागला, पण बसला. वरून चारही डोकी एका रांगेत दिसत होती. मला फार समाधान वाटलं होतं. आणि ते मी इतकं साफ विसरले की वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, काही नाही.

मी डबा उचलून ताईंच्या खोलीत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आकडा चुकीचा वाचला मी." त्या न वळता म्हणाल्या, "कुठला?" मी म्हटलं, "पहिला." आणि सगळं सांगितलं. आठ दिवस, दीड डझन फ्यूज, चौसष्ट भोकं, आणि ती सकाळ... त्या उठून बसल्या. चष्मा लावला. चौथा स्क्रू फिरवून बाहेर काढला आणि उजेडात धरला. लाकडाचा स्क्रू, इतर तिन्हींच्या तिप्पट लांब, टोकदार. त्याचं टोक किंचित काळं पडलेलं. मग झाकण काढून त्यांनी भोकाच्या बरोबर खाली बोट ठेवलं. तिथे तो टोपीवाला ट्रान्झिस्टर होता. त्याची धातूची टोपीच जिवंत असते, तिच्यातून वीज जाते. स्क्रूचं टोक तिच्यापासून केसभर अंतरावर यायचं. डबा तापला, पत्रा फुगला, की ते टेकायचं आणि फट. काढून ठेवलेल्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या टोपीवर एक बारीकसा डाग होता. नवीन ट्रान्झिस्टरवरसुद्धा होता. ताईंनी तो पाहिला नव्हता, कारण त्या उष्णता शोधत होत्या.

मला वाटलं, त्या आता बोलतील. त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. सासूबाई काठी टेकत आल्या. विलास आला. ताईंना बोलता येईना. स्क्रू हातात धरून त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आठ दिवस मी ट्रान्झिस्टरला आईवरून शिव्या देते... आणि चोर हिच्या पुस्तकांतून आला." मग मीही हसले. रडत होते की हसत होते ते मला आता सांगता येणार नाही. हसणं ओसरल्यावर त्यांनी वही मागितली. पहिल्या पानावर माझ्या उत्तरावर आडवी रेघ मारली आणि त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात खाली लिहिलं, "एक स्क्रू. मास्तरीणने. नीटनेटकेपणामुळे." मग स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी माझ्या कपाटाचं दार बसवलं. डब्याचं झाकण त्यानंतर.

सोमवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. मोहनभाईंनी डबा पाहिला आणि विचारलं, "दीदी, ये सप्लाय है कि कद्दूकस?" त्यांनाही किसणीच दिसली. मग त्यांनी स्क्रू मोजले. "एक कम है." ताई म्हणाल्या, "वो जानबूझ के. वो भाभी का है." त्यांना काही कळलं नाही. गाडीचा टेप जोडला आणि त्यांनी आपल्या आवडीच्या सिंधी गाण्यांची कॅसेट घातली. ती दिवसभरात चौदा वेळा उलटली. मी दर अर्ध्या तासाने मीटर वाचत होते. बारा. बारा. बारा. गिऱ्हाईकं थांबून बघायची. चारच्या सुमाराला मोहनभाईंनी चहाचा ग्लास डब्यावर ठेवला, गरम राहतो म्हणून, आणि ताईंनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. शटर पाडायची वेळ झाली. कोपऱ्यातल्या टेबलावरची खोकी त्यांनी स्वतः उचलली, फडकं मारलं, आणि म्हणाले, "सुबह दस बजे. लेट मत होना."

त्या टेबलावर ताईंनी अकरा वर्षं काढली. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या आकडा वाचायला लावायच्या. एकदा चामटोलीच्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आला, नुसता गुणगुणत होता. बुवांना मीटरसमोर बसवलं तर त्यांनी सवयीने आकडा सुरात वाचला, आणि ताई म्हणाल्या, "बुवा, सूर नको, दशांश द्या." मी निवृत्त झाल्यावर अधूनमधून दुपारी जाऊन बसायचे. त्या काड्या टेकवायच्या आणि मान न वळवता म्हणायच्या, "किती?" माझ्या आयुष्यात मला इतक्या वेळा इतक्या विश्वासाने कुणी काही विचारलं नाही.

तेराव्याला मोहनभाई हेंद्रेपाड्याला आले. कापडी पिशवीत डबा होता. सोबत पापडांचं पुडकंही होतं. ते हॉलमध्ये बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, "टेबल खाली है. मैं किसी को बोल नहीं रहा अभी." मी बरं म्हटलं. आमच्या खिडकीखालच्या टेबलावर मी डबा ठेवला आणि त्याला ताईंनीच कधीतरी केलेला छोटा दिवा जोडला. बारा व्होल्टचा. हा लेख मी त्याच उजेडात लिहिते आहे.

रोज सकाळी मी बटण लावते आणि आकडा मोठ्याने वाचते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून विलासने विचारलं, "किती?" तेव्हापासून तो रोज विचारतो. आज बारा आहे. झाकणाला तीन स्क्रू आहेत. चौथा माझ्या कपाटाच्या बिजागरीत आहे.